साइटेशन की एच-इंडेक्स? सीमाभागातल्या केमिस्ट्रीवाल्यांचा नंबर लावण्याआधी जरा थांबा

प्रश्न विचारणाऱ्या सरांचं म्हणणं थोडक्यात असं आहे. ते निपाणीकडच्या एका डिग्री कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथलं एक मंडळ सीमाभागातल्या 'आघाडीच्या दहा रसायन संशोधकांचा' सत्कार करणार आहे आणि यादी काढायचं काम ह्यांच्या गळ्यात पडलंय. त्यांनी गूगल स्कॉलरवरून सत्तावीस जणांची साइटेशन (म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरांत ह्यांच्या पेपरांचा किती वेळा उल्लेख केला तो आकडा) आणि एच-इंडेक्स (त्याच उल्लेखांवरून काढलेला दुसरा आकडा, हिशोब पुढे सांगतो) एक्सेलमध्ये भरले, मोठ्याकडून लहानाकडे लावले आणि वरचे दहा उचलले. यादी बाहेर फुटली. आता अकराव्या नंबरवाल्यांचा फोन आलाय की माझी दहाव्यापेक्षा फक्त नऊ साइटेशन कमी आहेत, आणि चौथ्या नंबरचे म्हणतायत एच-इंडेक्सवर लावली असती तर मी दुसरा असतो. म्हणून सरांचा प्रश्न, साइटेशन धरायची की एच-इंडेक्स, बरोबर आकडा कुठला?

सर, फोन सत्काराच्या आधी आले हे तुमचं नशीब चांगलं म्हणायचं. शाल-श्रीफळ झाल्यावर आले असते तर काय केलं असतं.

मी कुठनं बोलतोय ते आधी सांगतो. बेळगावात ३१ वर्षं ॲनालिटिकल केमिस्ट्री शिकवली आणि त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं कॉलेजच्या रिसर्च सेलमध्ये गेली, म्हणजे नॅकच्या (कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या) फाइलसाठी कुणाचे किती पेपर, कुठल्या जर्नलमध्ये, किती साइटेशन हे जमवत बसायचं, जे काम स्टाफमध्ये कुणालाच नको असतं ते. त्यात एक गोष्ट पक्की कळली की आकडा काढायला दोन मिनिटं लागतात आणि तो आकडा खरंच त्याच माणसाचा आहे का हे बघायला दोन दिवस.

तुमचा प्रश्न 'हा आकडा की तो आकडा' असा दिसतो पण अडचण वेगळीच आहे. तुमच्या एक्सेलमधल्या प्रत्येक आकड्यात चूक केवढी बसली आहे हे न बघता तुम्ही त्यावर क्रम लावलाय. बीएस्सीच्या पोराला आपण काय सांगतो? ब्युरेटला, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या काचेच्या नळीला, ०.१ मिलीच्या खुणा आहेत, तू फार तर ०.०५ पर्यंत वाचू शकतोस, १०.२३७ असं रीडिंग लिहून आणलंस तर मार्क कापणार. आणि इथे आपण प्राध्यापक लोकं ६१२ आणि ६०३ मध्ये वरचा कोण, खालचा कोण म्हणून भांडतोय. गूगल स्कॉलरच्या आकड्यात इकडेतिकडे शे-दोनशेची गडबड सहज असते, तिथे नऊचा फरक म्हणजे काहीच नाही. दहावे आणि अकरावे ह्यांच्यात तुमच्या डेटावरून क्रम लागतच नाही. तेवढं त्यांना फोन करून सांगितलंत तरी अर्धं भांडण मिटेल, आणि ते केमिस्ट्रीवालेच आहेत, ब्युरेटची भाषा त्यांना कळते की.

ही गडबड येते कुठून ते बघा, कारण आपल्या भागात ती जरा जास्तच येते. पहिलं म्हणजे नावं. स्कॉलर असो की स्कोपस (पेपर आणि साइटेशनचा दुसरा मोठा डेटाबेस), मशीन नाव आणि आद्याक्षरं बघून पेपर जुळवतं. आता आपल्याकडे एस. पाटील किती असतील? एकट्या चिकोडी तालुक्यात मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. देसाई, कुलकर्णी, जाधव, हिरेमठ, सगळ्यांचं तेच. त्यात आणखी भर अशी की आपल्यातला एकच माणूस महाराष्ट्राच्या पद्धतीने आडनाव लावून पेपर लिहितो आणि धारवाडला पीएचडी करताना कर्नाटकातल्या पद्धतीने नुसती आद्याक्षरं आणि नाव लिहितो, काही जणांच्या नावात गावाचं आद्याक्षर पण असतं. मग मशीनच्या लेखी एकाच माणसाची तीन माणसं होतात नाहीतर तीन माणसांचा मिळून एक मोठा शास्त्रज्ञ होतो. दोन्ही प्रकार मी बघितलेत.

गावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं. त्याच्या आधीचे पेपर जुन्या स्पेलिंगने, नंतरचे नव्या, आणि काही लोकं अजून जुनंच लिहितात, त्यामुळे पत्त्यावरून शोधलंत तर निम्मं काम दिसतच नाही. युनिव्हर्सिटीचा घोळ वेगळा. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० ला झालं, त्याच्या आधी इथली डिग्री कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या केमिस्ट्रीवाल्यांची रिसर्च सेंटरं व्हीटीयूखाली, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाखाली. कुणी पेपरवर कॉलेजचा पत्ता देतं, कुणी विद्यापीठाचा, कुणी दोन्ही. म्हणून 'सीमाभाग' असं फिल्टर लावून यादी मिळेल ही आशा सोडा, ती हातानेच करावी लागते.

माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. एका वर्षी रिपोर्टमध्ये एका सहकाऱ्याच्या नावापुढे मी साधारण अकराशे साइटेशन लिहिली. स्टाफ मीटिंगमध्ये टाळ्या झाल्या, बुके दिला, ग्रुपवर फोटो आला. दोन दिवसांनी ते स्वतःच माझ्या टेबलापाशी आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, सर, ह्यातले सातशेच्या वर माझे नाहीत, कुणीतरी पॉलिमरवाले पाटील आहेत त्यांचे माझ्या प्रोफाइलमध्ये येऊन बसलेत, मी आयुष्यात पॉलिमर केलेलं नाही. मला इतकी लाज वाटली. ते प्रामाणिक म्हणून कळलं तरी, नाहीतर तो आकडा तसाच पुढे नॅकला गेला असता. तेव्हापासून मी एक नियम केला, ज्याचा आकडा आहे त्याला पेपरांची यादी दाखवून होय-नाही घेतल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. ह्यासाठीच २०१२ मध्ये ऑर्किड सुरू झालं, प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा १६ आकडी नंबर, फुकट आहे. तुमच्या सत्तावीस जणांपैकी किती जणांचं ऑर्किड आहे आणि त्यातलं किती जणांचं भरलेलं आहे ते बघा, मजा येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे कुठे मोजलं. गूगल स्कॉलर पीएचडीचे थिसिस, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधी नेटवर टाकलेले पेपर), कॉन्फरन्सची प्रोसीडिंग असं बरंच काही धरतं म्हणून तिथला आकडा नेहमी फुगलेला दिसतो. स्कोपस निवडलेल्या जर्नलांतलंच मोजतं, वेब ऑफ सायन्स हा तसाच तिसरा डेटाबेस आणखी कडक. एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन आकडे येतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. एकाचा स्कॉलरचा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा असं मिसळलं की मात्र सगळं फुकट.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. एच-इंडेक्स काढला जॉर्ज हर्श ह्या फिजिक्सवाल्याने, २००५ मध्ये. ज्याच्या १२ पेपरांना प्रत्येकी निदान १२ साइटेशन आहेत त्याचा एच १२. कल्पना चांगली होती, एकच पेपर गाजला म्हणून माणूस मोठा दिसू नये आणि नुसते पेपर पाडून पण मोठा दिसू नये. पण दोन माणसं कागदावर मांडून बघा. एकाचे पाच पेपर, त्यांना ४००, ९०, ६०, १२ आणि ३ साइटेशन, एकूण ५६५, एच-इंडेक्स ४. दुसऱ्याचे आठ पेपर, दोनांना ९ आणि सहांना ८, एकूण ६६, एच-इंडेक्स ८. साइटेशनवर लावलं तर पहिला साडेआठ पट मोठा, एचवर लावलं तर दुसरा दुप्पट मोठा. तुमचे चौथ्या नंबरवाले सर ह्यातल्या दुसऱ्या प्रकारचे असणार, आणि त्यांचं चुकत नाहीये. तुमचंही नाही. दोघं वेगळी वस्तू मोजताय. आणखी एक, एच-इंडेक्स कधी कमी होत नाही, रिटायर होऊन घरी बसलं तरी वाढतच राहतो, त्यामुळे साठीचा माणूस आणि पस्तिशीचा माणूस एका रांगेत लावले की निकाल आधीच ठरलेला. खुद्द हर्शनेच २०२० मध्ये लिहिलं की हा इंडेक्स कधीकधी भयंकर फसतो आणि त्याचे नको ते परिणाम होतात.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका, जगातल्या मोठ्या याद्यांत पण हेच. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या केमिस्ट्री वर्ल्ड मासिकात २००७ मध्ये हयात केमिस्टांची एच-इंडेक्सवर यादी आली, हेन्री शेफर आणि एमी पीटरसन ह्यांनी केलेली, त्यात पहिले जॉर्ज व्हाइटसाइड्स. मग २०११ हे आंतरराष्ट्रीय रसायन वर्ष होतं, मेरी क्यूरींच्या केमिस्ट्रीच्या नोबेलला शंभर वर्षं झाली म्हणून, तेव्हा थॉमसन रॉयटर्सने शंभर केमिस्टांची यादी काढली, ह्या वेळी २००० ते २०१० मधल्या पेपरांना सरासरी दर पेपरी किती साइटेशन ह्यावर, आणि निदान ५० पेपर असले पाहिजेत अशी अट. त्यात पहिले चार्ल्स लीबर, नॅनोवायरवाले, आणि दुसरे ओमर याघी. व्हाइटसाइड्स आणि लीबर दोघंही हार्वर्डच्या एकाच केमिस्ट्री डिपार्टमेंटचे! एक यादी एकाला पहिला म्हणते, दुसरी दुसऱ्याला, चार वर्षांच्या अंतराने. मग सांगा बरोबर कुठली? दोन्ही, कारण एक आयुष्यभराचं काम मोजते आणि दुसरी दहा वर्षांतली दर पेपरची सरासरी. त्यातसुद्धा ५० पेपरांची अट ४० केली असती तर यादी हलली असती. अशा अटी यादी करणाराच ठरवतो, त्या वरून पडलेल्या नसतात, म्हणून तुम्ही पण ठरवा पण यादीच्या वर स्पष्ट लिहा.

ह्यातल्या याघींना २०२५ मध्ये सुसुमु कितागावा आणि रिचर्ड रॉबसन ह्यांच्याबरोबर नोबेल मिळालं, धातू-सेंद्रिय जाळ्यांच्या कामाला, ज्याला आपण एमओएफ म्हणतो. म्हणजे साइटेशनला काहीच कळत नाही असं नाही, कळतं. पण त्यातल्या रॉबसनांची गोष्ट मला जास्त आवडते. १९७४ मध्ये मेलबर्न युनिव्हर्सिटीत पोरांना शिकवण्यासाठी लाकडी गोळ्यांची रेणूंची मॉडेलं करायची होती, गोळ्यांना भोकं कुठे पाडायची ते ठरवताना त्यांना सुचलं की अणूंचे जोड असेच वापरून मोठी जाळी बांधता येईल. पेपर आला १९८९ मध्ये. मधली पंधरा वर्षं त्या कल्पनेची साइटेशन किती? शून्य. तुमच्या एक्सेलमध्ये त्या काळातल्या रॉबसनांना नंबर कितवा मिळाला असता ते तुम्हीच बघा. नाहीतर जपानचे कोइची तनाका घ्या, शिमाद्झु कंपनीतले इंजिनिअर, पीएचडी नव्हती, २००२ चं केमिस्ट्रीचं नोबेल.

उलट बाजू पण आहे. बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आपण सगळे प्रोटीन मोजायला लोवरीची पद्धत करतो, फोलिन रीएजंट घालून निळा रंग. तो १९५१ चा पेपर जगातला सगळ्यात जास्त साइटेशनवाला, २०१४ ला मोजलं तेव्हाच ३ लाखांच्या वर होता. म्हणजे लोवरी जगातले सगळ्यात मोठे केमिस्ट का? तसं ते स्वतःही म्हणत नव्हते. पद्धतीचा पेपर असला की वापरणारा प्रत्येक जण नाव घेतो, गुऱ्हाळावर आलेला प्रत्येक जण रस पितो तसं. जॉर्ज शेल्ड्रिक ह्यांच्या क्रिस्टल सोडवायच्या शेलेक्स प्रोग्रॅमवरचा २००८ मधला एकच पेपर, त्याने ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए ह्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या अलीकडच्या पेपरांना सरासरी किती साइटेशन मिळतात तो आकडा) २ च्या आसपास होता तो २००९ ला ४९.९ वर नेला. त्या वर्षी त्या जर्नलमध्ये ज्यांनी ज्यांनी पेपर छापला त्या सगळ्यांच्या बायोडेटात ५० इम्पॅक्ट फॅक्टर! बाकीच्यांनी केलं काय, तर शेजारी बसले. म्हणून जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर माणसाच्या नावापुढे लावू नका, तुमच्या एक्सेलमध्ये तो पण एक कॉलम आहे असं तुम्ही लिहिलंय, तो आधी डिलीट करा.

तर आतापर्यंतचं एवढंच धरा की आकड्यात चूक मोठी आहे, प्रत्येक आकडा वेगळी वस्तू मोजतो, आणि मोठ्या नावांच्या यादीतसुद्धा अट बदलली की पहिला नंबर बदलतो. आता तुमच्या सत्तावीस जणांचं काय करायचं त्याकडे वळू.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक विषय मिसळण्यात आहे. केमिस्ट्री म्हणजे एक गाव नाही, पूर्ण तालुका आहे. नॅनो, कॅटॅलिसिस, बॅटरी, सुपरकपॅसिटर ह्यात जगभर हजारो लोकं आहेत, पेपर आला की वर्षभरात साइटेशन सुरू. नॅचरल प्रॉडक्टवाला खानापूरच्या जंगलातली एक वनस्पती आणतो, मुळी वाळवतो, मिश्रण वेगळं करायच्या नळ्यांतून, म्हणजे कॉलममधून, परत परत काढून एक कंपाउंड वेगळं करतो, त्याचं स्ट्रक्चर सिद्ध करतो, दोन वर्षं जातात आणि त्या पेपरला आयुष्यात पंधरा साइटेशन मिळाली तरी खूप. थिअरीवाल्याचं आणखी वेगळं. आणि रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्यांच्या कामाचा आढावा, लिहिणाऱ्याचं तर विचारूच नका, एका रिव्ह्यूला दहा मूळ पेपरांएवढी साइटेशन मिळतात. ह्या सगळ्यांना एका कॉलममध्ये लावणं म्हणजे भात आणि ऊस एकाच वजनकाट्यावर घालून टनावर बक्षीस देणं. ऊसवालाच जिंकणार, आणि बासमती पिकवणारा मनात काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही.

ह्याला मोठ्या डेटाबेसवाल्यांचा उपाय म्हणजे त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांच्या जागतिक सरासरीने भागायचं, १ आला म्हणजे सरासरीएवढा, २ आला म्हणजे दुप्पट. ते आकडे काढायला पैसे भरलेलं सबस्क्रिप्शन लागतं आणि आपल्या कॉलेजांत ते नसतं. मी त्याच्याऐवजी एक गावठी पद्धत वापरतो. त्या माणसाचा पेपर ज्या जर्नलच्या ज्या अंकात आलाय, तोच अंक उघडायचा, त्यातल्या वीसेक रिसर्च पेपरांची साइटेशन लिहायची, चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्यायचा. सरासरी घ्यायची नाही, एखादा शेल्ड्रिक मध्ये असला तर सरासरी वाहून जाते. मग आपल्या माणसाचा आकडा त्या मधल्या आकड्याने भागायचा. समजा नॅचरल प्रॉडक्टच्या अंकात मधला आकडा ७ आणि आपल्या मॅडमचा पेपर २८, म्हणजे ४ पट. बॅटरीच्या अंकात मधला ६० आणि आपल्या सरांचा ९०, म्हणजे दीड पट. स्कॉलरच्या कॉलममध्ये सर तिप्पट वर दिसत होते, आता बघा. ही पद्धत काही अगदी शास्त्रशुद्ध नाही, भारी जर्नलमध्ये छापणाऱ्यावर थोडा अन्याय होतो कारण त्याची तुलना भारी लोकांशीच होते, पण एकाच काळातले आणि जवळपास एकाच विषयातले पेपर समोरासमोर येतात एवढं नक्की.

हे सगळ्या पेपरांचं करायला बसू नका, मरून जाल. प्रत्येकाकडून त्यांनीच निवडलेले पाच पेपर मागवा, आणि प्रत्येक पेपरपुढे दोन ओळी की ह्यात माझं काम नेमकं काय. आपल्याकडे गाइडचं नाव बहुतेक शेवटी आणि पुढे कॉरस्पॉन्डिंगचा (पेपरबद्दल पत्रव्यवहार कुणाशी करायचा त्याचा) तारा असतो, पहिलं नाव काम करणाऱ्या पोराचं. बारा नावांत आठवं नाव असेल तर विचारायला लाज वाटू देऊ नका. मी विचारायचो तेव्हा दोन-तीन जण नाराज झाले होते, पण ज्यांनी खरं काम केलेलं असतं ते दोन ओळी मागितल्या तर दोन पानं लिहून देतात हा माझा अनुभव आहे.

वयाचं पण बघा. पहिला पेपर कुठल्या साली आला ते लिहा आणि दहा वर्षांच्या आतले, दहा ते वीस, वीसच्या वरचे असे तीन ढीग करा. हर्शने स्वतः एचला वर्षांनी भागायचं सुचवलं होतं, पण बाळंतपण, आजारपण, परीक्षा विभागाची ड्यूटी ह्यात गेलेली वर्षं त्यात धरली जात नाहीत, म्हणून मी भागाकार करत नाही, नुसते ढीग करतो.

आता कुणीतरी पेपरचं कात्रण घेऊन येणारच की मी 'स्टॅनफोर्डच्या टॉप २ टक्के' यादीत आहे. त्याचं काय करायचं ते आधीच सांगून ठेवतो. ती यादी स्टॅनफोर्डचे जॉन इयोनिडिस आणि त्यांचे सहकारी काढतात, डेटा स्कोपसचा, २०१९ पासून. युनिव्हर्सिटी कुणाला बोलावून निवडत नाही, अर्ज नाही, समिती नाही, ती एक मोठी एक्सेल फाइल आहे, कुणीही उतरवून घेऊ शकतं. पण केलीये विचार करून. एकच आकडा न घेता सहा घेतात, एकूण साइटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांच्या संख्येनुसार वाटून घेतलेला एच, आणि एकट्याचे, पहिल्या नावाचे, शेवटच्या नावाचे पेपर ह्यांची साइटेशन वेगळी. स्वतःच स्वतःला दिलेली साइटेशन धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे दिलेले असतात. ॲनालिटिकल, ऑरगॅनिक, पॉलिमर असे पोटविषय पण आहेत. माझा सल्ला एवढाच की कात्रणावर जाऊ नका, फाइल उघडा आणि तीन गोष्टी बघा, आयुष्यभराच्या यादीत आहेत की एका वर्षाच्या, सेल्फ साइटेशन काढल्यावर नंबर किती घसरतो, आणि मागे घेतलेल्या पेपरांचा कॉलम, जो आता त्यात घातलाय. सेल्फ साइटेशन म्हणजे पाप नाही हां, ज्याचं काम सलग एका धाग्यात चाललंय तो आपलाच मागचा पेपर सांगणारच. पण तो काढल्यावर निम्मा आकडा गळत असेल तर मला तरी थांबून बघावंसं वाटतं.

आणि फसवाफसवी होतेच, झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एकमेकांना साइटेशन द्यायचे ग्रुप, पैसे घेऊन नाव घालणारे पेपरांचे कारखाने, हे सगळं आलंय. परदेशातही आहे, स्पेनच्या कोर्दोबा विद्यापीठाने त्यांच्याच एका जगप्रसिद्ध, भरपूर साइटेशनवाल्या केमिस्टला दुसऱ्या देशातल्या विद्यापीठांचे पत्ते लावल्याबद्दल १३ वर्षांसाठी बिनपगारी निलंबित केलं. जास्त साइटेशनवाल्यांची दुसरी मोठी यादी काढणाऱ्या क्लॅरिव्हेटने २०२३ मध्ये गणिताचा विभागच गाळला, कारण तिथल्या आकड्यांत फार खेळ झाला होता. तुम्हाला पोलीस व्हायची गरज नाही, पण एखाद्याचे वर्षाला पाचावरून एकदम चाळीस पेपर झालेले दिसले तर त्या चाळीसातले चार उघडून वाचा. वाचा म्हणजे खरंच वाचा, तुम्ही केमिस्ट्रीवाले आहात, एनएमआरचा (रेणूची रचना तपासायच्या चाचणीचा) डेटा स्ट्रक्चरला जुळतोय का हे तुम्हाला कळतं, जे साइटेशनच्या मशीनला कळत नाही.

गंमत म्हणजे साइटेशनचा इंडेक्स काढणारे युजीन गारफिल्ड मूळचे केमिस्ट्रीचेच. १९६४ मध्ये सायन्स साइटेशन इंडेक्स छापला तो कुठला पेपर पुढे कुणी वापरला हे शोधायला, म्हणजे लायब्ररीचं हत्यार. सत्काराला कुणाला बोलवायचं हे त्यावरून ठरेल हे त्यांच्या डोक्यात होतं असं दिसत नाही.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती तुम्हाला मंडळालाच विचारावी लागेल. सत्कार कशाचा? जगात नाव झालं त्याचा असेल तर वरची पद्धत ठीक. पण मंडळाच्या मनात 'आपल्या भागाला उपयोग झाला' असं असेल तर साइटेशन हा आकडाच चुकीचा. मला एक सर माहीत आहेत, त्यांनी बरीच वर्षं गुळासाठी उसाच्या रसाची मळी काढण्यावर काम केलं, भेंडीचा चिकट रस किती घालायचा, चुना किती, रंग का काळवंडतो. त्यांचे पेपर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, साइटेशन त्याहून थोडी जास्त. पण संकेश्वर-हुक्केरीकडच्या गुऱ्हाळावर त्यांचं नाव काढा, चहा फुकट मिळतो. गुऱ्हाळवाला पेपर लिहीत नाही म्हणून त्याचं साइटेशन कुठे पडत नाही. तुमच्या सत्तावीस जणांत ते नाहीत, आणि स्कॉलरवर शोधून येणारही नाहीत कारण त्यांचं प्रोफाइलच नाही. प्रोफाइल नसलेले आणखी किती जण सुटले असतील ते एकदा तिथल्या जुन्या शिक्षकांना विचारून घ्या.

तसंच 'सीमाभागातले' म्हणजे कोण हे पण आधी ठरवा. इथे नोकरी करणारे, की इथे जन्मून पुण्या-बंगळूरला गेलेले? चंदगड-गडहिंग्लजचे, शिवाजी विद्यापीठाखालचे लोक धरणार का? कन्नड माध्यमातून शिकलेले आणि इथेच लॅब उभी केलेले सहकारी धरणार ना? ते सोडले तर यादी विज्ञानाची राहणार नाही, दुसऱ्याच कशाची तरी होईल, आणि विज्ञान दिनाला ते बरं दिसत नाही.

तुमच्याकडे दिवस किती आहेत ते लिहिलं नाहीत, पण पंधरा दिवस असतील तर मी असं करेन. आजच फुटलेली यादी कच्ची होती म्हणून सगळ्या सत्तावीस जणांना एकच मेसेज टाका. सगळ्यांचे आकडे एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून घ्या, स्कोपसवर लेखकाचं पान सबस्क्रिप्शन नसतानाही दिसतं, ते पुरे. पेपरांची यादी ज्याला त्याला पाठवून बरोबर आहे म्हणून उत्तर मागवा, पाच पेपर आणि दोन-दोन ओळी त्याच मेसेजमध्ये मागा, आठवडा द्या. मग विषय आणि वर्षांप्रमाणे ढीग, अंकाच्या मधल्या आकड्याशी तुलना, आणि शेवटी दोन बाहेरच्या माणसांना, एक धारवाडचा आणि एक कोल्हापूर किंवा गोव्याचा, पाच-पाच पेपर वाचायला द्या. त्यांचं मत आणि तुमचे आकडे जुळले तर प्रश्नच नाही, नाही जुळले तर वाचणाऱ्याचं ऐका, मी तरी तसंच करत आलोय. दहाच पाहिजेत असा मंडळाचा हट्ट असेल तर सांगा की नऊ होतील नाहीतर बारा, जिथे फरक स्पष्ट दिसतो तिथे रेघ मारणार. एका शालीचा खर्च वाढतो, बाकी काही होत नाही.

आणि स्टेजवर पहिला, दुसरा असं पुकारू नका, बाराखडीप्रमाणे बोलवा. पाटील एकापाठोपाठ चार-पाच येतील, तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्याला आधीच पूर्ण नावं लिहून द्या, नाहीतर शाल परत चुकीच्या पाटलांच्या खांद्यावर जायची.